पाच पाकळ्यांचा प्रश्न

त्या सकाळी वसुधाच्या नवऱ्याचा, प्रमोदचा फोन आला आणि तो नुसताच श्वास घेत राहिला, तेव्हाच कळलं. वसुधा गेली... जळगाव जामोदच्या कॉलेजात आम्ही दोघी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. महिना उलटला, तरी चहा आला की मी दोन कप उचलते आणि मग स्वतःवरच चिडते.

तिचं वेड म्हणजे भेंडी. आपली खायची भेंडी आणि सातपुड्याच्या पायथ्याची रानभेंडी यांचा तिने घरामागच्या वाफ्यात संकर केला होता. एका फुलाच्या पाचही पाकळ्या सारख्या निघायला हव्यात. झाड तेच, माती तीच. तरी लहानमोठ्या निघाल्या, तर घडण कुठेतरी डगमगते आहे असं समजायचं. संकराने ती डगमगते का, एवढंच तिला बघायचं होतं. एवढंच म्हणते खरी, पण ती काय मोजतेय ते मला ठाऊक होतं. वसुधा बौद्ध घरातली, प्रमोद कुणबी. लेक झाली तेव्हा सासूबाई जानेफळहून आल्या, पाळण्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "सरमिसळीतलं कधी सरळ निघते काय?" पाणीही न पिता परतल्या. "माणूस काय भेंडी आहे का?" असं मी वसुधाला कितीदा सुनावलं. तिला पटायचं, पण हातातली पट्टी सुटायची नाही.

पहिल्या पिढीची झाडं जोमदार आली, पण पाकळ्या असमान. वसुधाचा चेहराच उतरला. मग पाणी कमी पडलेल्या वाफ्यातल्या साध्या भेंडीच्या पाकळ्याही तशाच निघाल्या. दोष संकराचा की उपासमारीचा? उत्तर दुसऱ्या पिढीत होतं. तिथे गुण विखुरतात. एक झाड आजीवर जातं, एक आजोबांवर, एक भलतंच निघतं. त्या पसाऱ्यात ही डगमग कोणाच्या वाट्याला येते, ते दिसलं असतं. संकराच्या झाडांना बी धरलेल्या शेंगा मोजक्याच होत्या. दुसऱ्या पिढीच्या बियाण्यासाठी त्या वाळायची ती वाट पाहत होती... आणि आजारपणाच्या तपासण्यांसाठी तिला अकोल्याला जावं लागलं.

नातीसाठी सासूबाई येऊन राहिल्या. झाडावर निबर होत चाललेली भेंडी शेतातल्या बाईला बघवते होय? त्यांनी सगळी तोडली आणि चिंच घालून भाजी केली. वसुधा परतली त्या दिवशी मी तिथेच होते. वाफा बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. "निबर होऊन राह्यली होती, काऊन वाया घालवता?" म्हणत सासूबाईंनी वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन सुनेशेजारी बसल्या. वसुधाने भाजी पुन्हा मागून घेतली. मागाहून मी फणफणले, तर म्हणाली, "त्यायले सांगू नको बरं. पहिल्यांदा माह्याजवळ बसून जेवल्या." पुढच्या हंगामात पुन्हा संकर करायचं आम्ही ठरवलं. तो हंगाम तिला मिळाला नाही. मला अजून राग येतो, कोणावर ते कळत नाही.

परवा तिच्या घरी गेले होते. सासूबाई आता तिथेच राहतात. नातीची वेणी घालता घालता त्यांनी विचारलं, "बाई, थे फुलं मोजे ना... काय निघालं शेवटी? खोट निघाली काय?" मुलगी मान वळवून माझ्याकडे बघू लागली. 'नाही' म्हणणं किती सोपं होतं! पण वसुधाने ते खपवून घेतलं नसतं.

"माहीत नाही, आई. तिला पुरतं बघताच आलं नाही."

अर्धी वेणी हातात धरूनच त्यांनी नातीची वळलेली मान सरळ केली.

"मंग पाळन्यापाशी म्या थे कोन्या तोंडानं म्हनलं होतं, बाई?"