दोन खणांचे सोनवणे

सोनवण्यांनी कॉम्प्युटर बंद केला की अख्खी लॅब सुस्कारा टाकायची. आता सगळं खोळंबणार. ते वाकून सीपीयूच्या डब्यातला हार्ड डिस्कचा खण ओढून काढायचे, कपाटातला दुसरा बसवायचे, किल्ली फिरवायचे आणि पडदा उजळेपर्यंत हाताची घडी घालून उभे राहायचे. एकाच कॉम्प्युटरला दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर वेगळं विंडोज. एक इंटरनेट आणि ई-मेलसाठी, दुसरी पेशंटच्या रिपोर्टसाठी. एक आत असली की दुसरी कपाटात. काउंटरवर मी, माझ्यासमोर रांग. जीव नकोसा व्हायचा हो.

नाशिकमधली ती पॅथॉलॉजी लॅब तशी लहानच. ते दिवस डायल-अपचे, आणि दुसरा कॉम्प्युटर घ्यायला डॉक्टर तयार नव्हते. सोनवणे सटाण्याकडचे, कॉम्प्युटर सांभाळायला ठेवलेले. एरवी बोलणं शहरी, पण मी कुरकुरले की अहिराणीवर यायचे. "तुले काय घाई शे ताई?" मग रोज नव्यानं तेच समजावणं. "ओट्यावर कोणीही येऊन बसतं. बसू द्यावं, पाणी द्यावं. म्हणून त्याला माजघरात हिंडू द्यायचं का? इंटरनेट म्हणजे ओटा." हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

डॉक्टर म्हणायचे, "सोनवणे, सगळं एकातच टाका आणि पासवर्ड लावा." सोनवणे वाद घालत नसत. "कुलूप लावलं तरी घर एकच ना, साहेब," म्हणायचे आणि पुन्हा खण बदलायला वाकायचे. पाठीचं दुखणं होतं. उठताना टेबलाचा आधार लागायचा.

एकदा अंबडच्या एका कारखान्यातला कामगार रिपोर्ट न्यायला आला. रघुनाथ त्याचं नाव. एचआयव्ही निघाला होता. पाकीट मुठीत चुरगाळत तो हळूच म्हणाला, "ताई, कंपनीत नाय ना कळणार? कळलं तर गेटवरूनच परत पाठवतील. पोरं लहान आहेत." त्याच कंपनीतल्या लोकांच्या तपासण्या आमच्याकडे व्हायच्या, त्यांच्या ऑफिसचा ई-मेल आमच्या यादीत होता. मी सोनवण्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुमचा रिपोर्ट माजघरात आहे, भाऊ. जा, औषधाचं बघा."

त्या दिवाळीत डॉक्टरांनी शुभेच्छांचा एक मेल उघडला आणि त्यातून व्हायरस आला. सापडेल ती फाईल उचलून यादीतल्या प्रत्येकाला धाडायला लागला. फोनवर फोन सुरू झाले. त्यात त्या कंपनीचाही आला. माझ्या डोळ्यांसमोर रघुनाथ. पलीकडचे साहेब हसत होते. "अहो, तुमच्या लॅबच्या सत्यनारायणाचं आमंत्रण पुन्हा पुन्हा येतंय. सगळ्या कारखान्यानं यायचं का जेवायला?" इंटरनेटच्या डिस्कवर तेवढंच होतं. रिपोर्टचा खण कपाटात होता. मी तिथंच रडले. सोनवणे "चला, ओटा धुवायला काढू," म्हणाले आणि विंडोज पुन्हा टाकायला बसले. त्यांना कुणी शाबासकी दिली नाही. डॉक्टरांनी "एकातच टाका" म्हणणं सोडलं, एवढंच.

पुढे काही वर्षांनी सोनवणे गेले, झोपेतच. दहाव्याला सटाण्याला गेले मी, आणि दुसऱ्या दिवशी कामावर. नंतर आलेले कॉम्प्युटरवाले एकाच मशीनच्या पोटात दुसरं मशीन चालवायच्या गोष्टी सांगायचे. असेल बाई. मी खण सोडले नाहीत. आता मीच वाकते, आणि आता माझीही पाठ धरते.

परवा रघुनाथ तपासणीचा रिपोर्ट न्यायला आला. नोकरी शाबूत, अंगानं भरलेला, शिफ्टच्या घाईत. मी खण बदलून पडद्याकडे बघत उभी राहिले. त्यानं घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "काय ताई, कसला भंगार कॉम्प्युटर ठेवलाय? किती वेळ?"

सोनवण्यांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण काय सांगणार होते मी? की एका दिवाळीत तुमच्या बाबतीत काहीच घडलं नाही?

"बसा," म्हटलं, "होतंय."