रुमालाबाहेरचा भाव

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची गोष्ट. नांदुऱ्याच्या बाजारात ती बाई मला एकदाच दिसली. घरामागच्या परसात कुटार आणि सरकी चारून वाढवलेले तीन मेंढे तिनं विकायला आणले होते. पाठी अशा भरलेल्या, की दाबूनही कणा सापडू नये.

दलालानं रिवाजाप्रमाणे हात पुढे करून त्यावर रुमाल टाकला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, इतरांना कळायचा नाही. परक्या पुरुषाचा हात कसा धरायचा, म्हणून बायांच्या वतीनं दीर नाहीतर भाऊच सौदा करी.

हिनं रुमाल उचलला, नीट घडी घालून त्याच्याच खांद्यावर ठेवला.

"मेंढे चोरीचे नाहीत, भाऊ. तोंडानं सांगा, साऱ्यायले आयकू द्या."

दलाल खाकरला. त्याचा भाव ऐकून मागचा खाटीक हसला आणि त्याहून मोठा भाव ओरडला. मग तिसरा ओरडला. दलालाचा तेव्हाचा चेहरा आठवला, की मला अजून बरं वाटतं.

सौदा झाला. रिकामी दावी खांद्यावर टाकून ती निघाली, तोच दिरामागं मेंढी धरून उभी असलेली दुसरी बाई पुढं आली.

"भाऊजी, सरका," ती म्हणाली. "माह्या मेंढीचा भाव मीच आयकीन."