पहिला, चौथा आणि सहावा पडदा

मे १९६८, रविवार. वेळ दुपारचे तीन. जागा: पापनाशम, एका राइस मिलचं भात वाळवायचं सिमेंटचं अंगण. हजर: डेन्झिल, लीड गिटार आणि गाणं, ग्रूपचा कॅप्टन. चंद्रन, दुसरी गिटार. बाबू, ड्रम्स. मी, सेतूराव, बेस गिटार. यायचे बाकी: नवरा-नवरी, पाहुणे आणि मद्रासच्या एका हॉटेलचे मॅनेजर कुरियन.

ही नोंद माझ्या तेव्हाच्या वहीतली आहे. प्रत्येक कार्यक्रमाला मी अशी नोंद करायचो आणि खाली कामांची यादी लिहायचो. त्या दिवशीच्या यादीत सोळा कामं होती. पंधरांवर खूण आहे.

मिलमालकाच्या मुलाच्या लग्नाचं रिसेप्शन होतं. सकाळी नागस्वरम, म्हणजे तिकडची लांब सनई, वाजून झालं होतं. संध्याकाळी सहाला आम्ही. मुलगा मद्रासला शिकलेला, त्याला बीट ग्रूप हवा होता. हेवी मेटल हे नाव तेव्हा आमच्या कानावर नव्हतं. आम्ही आमच्या वाजवण्याला नुसतं ‘जोरातलं’ म्हणायचो. पाहुणे काय म्हणायचे ते लिहीत नाही.

कुरियन नवरदेवाचे मित्र. त्यांच्या हॉटेलात रोज संध्याकाळी वाजवायला ग्रूप हवा होता, सहा महिन्यांच्या करारावर. ते आम्हाला ऐकायला येणार होते. मी सिंचन खात्यात ट्रेसर होतो, म्हणजे कालव्यांचे नकाशे पातळ कागदावर उतरवून घ्यायचं काम. नोकरी सोडायची तर सहा महिन्यांचा करार आधी हातात पाहिजे, अशी आईची अट होती. त्यामुळे त्या संध्याकाळवर माझं सगळं अवलंबून होतं, आणि डेन्झिलला ते माहीत होतं.

“राव, तुझी वीणा आज नीट वागू दे,” तो आल्या आल्या म्हणाला. “नाहीतर मद्रासला रॉनी येईल.”

रॉनी हा त्रिचीजवळच्या रेल्वे कॉलनीतला मुलगा. त्याच्याकडे कारखान्यात बनलेली, बोटीवरून आलेली बेस गिटार होती. माझ्याकडे तशी नव्हती. डेन्झिल माझ्या बेसला वीणा म्हणायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्याची जमीन ती धरते. नीट वाजत असेल तोवर तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बेसूर झाली की ऐकणाऱ्याला काय बिघडलं ते कळत नाही, पण पाय घसरल्यासारखं वाटतं. परदेशी बेस मला परवडणारी नव्हती आणि तंजावरात मिळणारीही नव्हती. तंजावरात वीणा करणारे मात्र होते. गोविंदसामी आसारी दरवर्षी आमच्या घरी येऊन आईची वीणा दुरुस्त करून जायचे. मी मासिकातल्या फोटोवरून मापं काढली, ट्रेसिंग पेपरवर पूर्ण आकाराचा नकाशा केला आणि त्यांच्याकडे नेला. चार महिन्यांत त्यांनी फणसाच्या लाकडाची बेस करून दिली.

एका बाबतीत मात्र त्यांनी माझा नकाशा मानला नाही. बोटाखाली तार जिथे टेकते त्या पितळी पट्टीला पडदा म्हणतात. गिटारीत लाकडाला खाच पाडून पडदे ठोकून बसवतात. वीणेत दांडीच्या दोन्ही कडांना मेण आणि कोळशाच्या पुडीचे काळे वरंबे असतात, आणि त्यांच्यावर कानाने स्वर ऐकत एकेक पडदा रुतवतात. आसारी खाच पाडायला तयार नव्हते.

“ठोकलेला पडदा म्हणजे मेलेला पडदा, तंबी,” ते म्हणाले; तमिळमध्ये धाकट्याला तंबी म्हणतात. “उद्या लाकूड हललं तर त्याला हलवणार कसा?”

मला पटलं. माझ्या बेसचे वीसही पडदे मेणावर उभे होते.

आता त्या दुपारकडे येतो. मेणाला ऊन चालत नाही हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. आई वीणा खिडकीजवळसुद्धा ठेवू द्यायची नाही. म्हणून यादीत सातवं काम होतं: ‘वाद्य सावलीत ठेवणे.’ अंगणात सावली नव्हती. सिमेंटवर चपलेतूनही पाय भाजत होते. मांडवाची ताडपत्री फक्त स्टेजच्या मागच्या बाजूला बांधून झाली होती, आणि तिच्याखाली एका खोक्यावर माझा अ‍ॅम्प, म्हणजे बेसचा आवाज वाढवणारी पेटी, ठेवला होता. मी बेस अ‍ॅम्पच्या मागे उभी टेकवली. सातव्यावर खूण केली. आठवं काम होतं: ‘अ‍ॅम्प सुरू करून पाहणे.’ अ‍ॅम्प सुरू केला. आठव्यावर खूण केली आणि वायरी ओढायला गेलो.

तो अ‍ॅम्प एका रेडिओ मेकॅनिकने बांधलेला, व्हॉल्व्हचा होता. व्हॉल्व्ह म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळ्या. त्या तापतात, म्हणून अ‍ॅम्पच्या पाठीला जाळी ठेवतात. त्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते.

सव्वाचारला बेस उचलली. दांडी हाताला उकडलेल्या रताळ्यासारखी लागली. वरून पहिले सात पडदे तिरके झाले होते. पाचवा चौथ्यावर जाऊन टेकला होता. आठव्यापासून खालचे जागच्या जागी. अ‍ॅम्पची जाळी नेमकी पहिल्या सात पडद्यांच्या उंचीवर होती.

मी काय केलं ते क्रमाने लिहितो. अ‍ॅम्प बंद केला. बेस गोणपाटात गुंडाळली. अ‍ॅम्प ओढून स्टेजच्या पुढे आणला, जिथे तो तसाही संध्याकाळी लागणार होता. हे सगळं करताना कुणी बघत नाही ना, हे मी दोनदा पाहिलं.

आठव्यापासून पुढचे पडदे शाबूत होते, मग तेवढ्यावर भागवता आलं नसतं का? नसतं. तिथला आवाज बारीक. त्यावर गाण्याची जमीन होत नाही.

मग डेन्झिलकडे गेलो आणि सांगितलं की जाड तार तुटली, घरून आणावी लागेल, मिलची जीप मागून घेतो.

“तुझ्याकडे जादाची तार नाही?” तो म्हणाला. “तुझ्याकडे? ज्याच्या खिशात जादा नाडीसुद्धा असते?”

बाबू हसला. मीही हसलो. डेन्झिल हसला नाही. त्याने घड्याळ पाहिलं आणि सांगितलं की साडेपाचला मी इथे नसेन तर तो मिलच्या ऑफिसातून त्रिचीला फोन लावेल.

जीपचा ड्रायव्हर शांत माणूस होता. फार शांत. पुढे बस आली तर तो बसच्या मागे राहायचा. बैलगाडी आली तर बैलगाडीच्या मागे. तंजावरात पोचलो तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. आसारी ओसरीवर एका वीणेचे पडदे बसवत होते. त्या कामाला शांतता लागते, मध्ये बोललेलं त्यांना चालत नाही. मी मध्येच बोललो. गोणपाट सोडून दांडी पुढे केली.

त्यांनी मेणावर अंगठा दाबला. मग मला एकच शब्द विचारला.

“ऊन?”

“ऊन,” मी म्हणालो.

खरं सांगायला तेवढाच वेळ लागला असता. पण त्यांना बरोबर न्यायचं होतं, आणि ते डेन्झिलसमोर काय बोलतील याचा मला भरवसा नव्हता. वाद्य हलगर्जीपणाने वापरणारा माणूस डेन्झिलने एकदा ग्रूपमधून काढलेला मी पाहिला होता.

“मग माझं चुकलं,” आसारी म्हणाले. “उन्हाळ्याचं मेण घट्ट मळायला हवं होतं.”

त्यांनी अर्धी वीणा तशीच ठेवली. मेणाचा गोळा, लोखंडी सळई आणि दोन सुऱ्या पिशवीत टाकल्या आणि जीपमध्ये येऊन बसले. किती वेळ आहे, विचारलं. मी सांगितलं, सहाला सुरू. ते म्हणाले, सात पडद्यांना सकाळपासून बसावं लागतं. मग रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी होती. मी डबे मोजत बसलो. डबे मोजून गाडी लवकर जात नाही, पण मला काहीतरी मोजायला लागतं.

फाटकाशी मी वही उघडली. सहा गाणी ठरलेली होती. प्रत्येक गाण्यापुढे मी वाजवायचे स्वर आणि पडदे लिहिले. चार तारा मोकळ्या सोडूनही चार स्वर मिळतात, ते वजा केले. बेरीज झाली तेव्हा लागणारे पडदे उरले चार: दुसरा, तिसरा, पाचवा, सातवा. पहिला, चौथा आणि सहावा नसला तरी चालणार होतं. मी ते आसारींना सांगितलं.

“चार होतील,” ते म्हणाले. “बर्फ आहे का तिथे?”

मिलवर पोचलो तेव्हा पाच पस्तीस झाले होते. डेन्झिल ऑफिसच्या दारात उभा होता, फोन अजून लावलेला नव्हता. आसारींची पिशवी बघून तो आमच्या मागोमाग ताडपत्रीखाली आला. मी सरबतवाल्याकडून भुशात गुंडाळलेला बर्फ आणला. आचाऱ्यांच्या चुलीत सळई तापवून घेतली. आसारी खाली मांडी घालून बसले, बेस आडवी घेतली, सगळं मऊ मेण खरवडलं आणि नवीन लावलं. पहिला, चौथा आणि सहावा पडदा मी खिशात टाकला.

काम असं चालतं. एकाने तार छेडत राहायची, दुसऱ्याने पडदा केसाएवढा सरकवत राहायचा. स्वर जमला की हात जागीच थांबतो. मग मी बर्फाचं फडकं दाबायचं आणि दोघांनी श्वास रोखायचा. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागत होत्या. ऐकू येत नव्हतं म्हणून आसारींनी बेसच्या लाकडाला कानशील लावलं होतं.

“हे काय झालंय?” डेन्झिलने विचारलं. प्रश्न मला होता.

मी तोंड उघडायच्या आत आसारी बोलले. मान वर न करता.

“मेण माझं. ते टिकलं नाही.”

त्यांनी वर ताडपत्रीकडे पाहिलं आणि मला विचारलं, “वाद्य इथेच होतं? सावलीत?”

मी हो म्हणालो. ते खरंच होतं.

“म्हणजे सावलीतसुद्धा टिकलं नाही,” ते म्हणाले आणि पुढचा पडदा घेतला.

डेन्झिल मला काही बोलला नाही. आसारींना म्हणाला की म्हाताऱ्या, तू वीणाच कर. तमिळमध्ये म्हणाला, त्यांना कळेल असं.

सातवा पडदा बसला तेव्हा सहाला दोन मिनिटं होती. पहिली पाच गाणी मी डाव्या हाताकडे बघत वाजवली. एरवी मी कधी बघत नाही. बोट जोरात दाबायचं नाही, तार ओढायची नाही, आणि मेण धरून राहील एवढीच प्रार्थना करायची. कुरियन पहिल्या रांगेत होते, मांडीवर गुलाबाचं सरबत. त्यांचा पाय ताल धरत होता की मुंगी चावली होती, ते मला दिव्यांमुळे कळेना.

सहाव्याच्या जागी डेन्झिलने नवरदेवाच्या फर्माईशीचं गाणं जाहीर केलं. ते यादीत नव्हतं. ते एफ या पट्टीत होतं, आणि एफ हा स्वर माझ्या जाड तारेवर पहिल्या पडद्यावर लागतो. पहिला पडदा माझ्या खिशात होता. मी त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, एक स्वर वर, जीमध्ये घे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला रॉनी दिसला. पण त्याने जीमध्ये घेतलं. वरच्या पट्टीत त्याचा आवाज ताणला, दोनदा फाटला, आणि त्या ताणानेच गाणं चढलं. नंतर कुरियननी नेमकं त्याच गाण्याचं नाव घेतलं.

करार मिळाला. आईने कागद दोनदा वाचून घेतला आणि मग हो म्हटलं. मद्रासला पहिल्या वर्षातच मी जुनी परदेशी बेस मिळवली. पडदे ठोकलेले. पुढे हॉटेलं सुटली, अधिक जोरात वाजवणारे ग्रूप आले, आणि ज्याला आज मुलं हेवी मेटल म्हणतात ते मी दहा वर्षं वाजवलं. आता शिकवतो. मुलं पहिल्या दिवशी विचारतात, वेगाने कसं वाजवायचं. मी त्यांना आधी अ‍ॅम्पची पाठ दाखवतो.

आसारींचं असं झालं. डेन्झिलने ती गोष्ट सगळीकडे सांगितली, आणि रंगवून सांगितली. माझी बेस बघून त्रिचीच्या दोन मुलांनी तशीच करून मागितली होती. दोघांनी नको म्हणून कळवलं. त्यानंतर कुणी गिटारीचं विचारायला गेलं तर आसारी स्वतःच सांगायचे, आपल्या हातच्या मेणाचं खरं नाही, फक्त वीणा करतो. आईच्या वीणेचे पडदे बसवायला मात्र ते येत राहिले. दर उन्हाळ्यात मेण घट्ट मळायचे. आई म्हणायची, हल्ली पडदे फार कडक बसतात.

या सगळ्यातून मी एक शिकलो, आणि ते विद्यार्थ्यांनाही सांगतो. यादीत काय करायचं ते आपण लिहितो. कशाशेजारी काय ठेवायचं नाही, तेही लिहावं.

ती फणसाची बेस माझ्या खोलीत भिंतीवर आहे. आसारींनी बसवलेले चार पडदे अजून पक्के आहेत. उरलेले तीन टेबलाच्या खणात, कागदात बांधून. ते बसवायचे तर बेस तंजावरला न्यावी लागेल. आसारी थकले आहेत, पण ओसरीवर बसतात, आणि पडदे अजून स्वतःच बसवतात असं कळतं. ते मेणावर अंगठा दाबतील आणि विचारतील, तेव्हा नेमकं काय झालं होतं.

दर वर्षी नवीन डायरीच्या पहिल्या पानावर मी जुनी राहिलेली कामं उतरवून घेतो. यंदाही उतरवली. त्या जुन्या वहीतलं सोळावं काम त्यात आहेच: ‘पडदे १, ४, ६. आसारींकडे जाणे.’ पुढे खूण नाही.