फोन आल्यावरच्या गोळ्या

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मिरजगावच्या घरी आईचा रक्तदाब १८८/१०४ भरला. यंत्र नवे होते. मी नगरहून वडिलांसाठी नेले होते. त्यांचा मोजून झाल्यावर आईने गंमत म्हणून दंड पुढे केला. तिच्या उपचाराच्या कार्डावरचे सगळे आकडे मात्र १४०च्या आतले होते.

"यंत्र बिघडलंय," वडील म्हणाले. त्यांचा स्वतःचा आकडा चांगला आला तेव्हा ते बिघडलेले नव्हते. पुन्हा मोजले. फरक नाममात्र होता.

याच आजाराने आईच्या थोरल्या बहिणीची उजवी बाजू लुळी पडली आहे. तिला घास भरवावा लागतो. आईला गोळ्या उपकेंद्रातून मिळतात. त्या दाखव म्हटल्यावर तिने डबा काढला. आत न फोडलेल्या पट्ट्या होत्या.

"घेत नाहीस का?"

"घेते की. ताईचा फोन आला की घेते."

ताई म्हणजे उपकेंद्राची परिचारिका. दर महिन्याला ती घरी येऊन दाब मोजते. बाया शेतात निघून जातात म्हणून आठवडाभर आधी फोन करते. तेवढा आठवडा आई गोळी चुकवत नव्हती.

"तिला वर आकडे द्यावे लागत्यात," आई म्हणाली. "कमी पडलं की मीटिंगात बोलत्यात पोरीला. माझ्यापायी कशाला?"

"माझ्यासाठी कधी एक गोळी खाल्ली न्हाई," वडील म्हणाले.

"आणि मावशीसारखं झालं तर?" मी विचारले.

"तिच्याकडं कुठं कार्ड हुतं?"

रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण वाढवणे हे जगभरच्या आरोग्य-उद्दिष्टांपैकी एक आहे. नगरच्या बैठकीत ते टक्क्यांत मांडले जाते आणि तिथून आणखी वर जाते. अशा बैठकांच्या बातम्या मी केल्या आहेत. मोजणीच्या दिवशी काय होते एवढेच टक्का सांगतो; मधल्या दिवसांचे त्याला विचारता येत नाही. कार्डावरचा आकडा खोटा नव्हता. ताईने दिसले तेच लिहिले होते. जे लिहिले जावे असे आईला वाटत होते, ते आईने दाखवले होते.

मी ताईला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती आली. पट्ट्या पाहून ओट्यावरच बसली.

"काकू, मी तुमाला शहाण्या समजत हुते."

"तुझ्यासाठीच केलं की, बये."

"माझ्यासाठी मरू नका. दाब जास्त भरला तर डॉक्टरांना सांगून गोळी वाढवून घेईन. चांगल्या आकड्यावर मी काय मागू?"

आई पट्ट्या डब्यात भरू लागली.

"आता फोन करणार न्हाई. कधीपन येईन."

"अन् मी रानात असले तर?"

"रानात येईन."

फेब्रुवारीत ती न सांगता आली. दाराला कडी होती. कांद्याच्या वावरात जाऊन तिने आईला खुरपे ठेवायला लावले, थोडा वेळ बांधावर बसवले आणि मग पट्टा बांधला. १५२/९४.

"घरी चल, घरी कमी भरतो," आई म्हणाली.

ताईने १५२/९४ लिहिले.

मार्चमध्येही ती न सांगता आली. १३६/८६ भरला. डब्यातली पट्टी त्या दिवसापर्यंत फोडलेली होती, असे वडिलांनी फोनवर सांगितले.