बिनडोळ्यांची बाई

शोभे, मी सुरतेला निघालो तेव्हा आण्णा अमळनेर स्टेशनावर आले होते, पण गाडी सुटेपर्यंत फलाटावरच्या पाटीची अक्षरं कशी बिघडलीत तेच सांगत राहिले. आपल्या बापाला निरोप देणं कधी जमलं नाही. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या अन् देवळांच्या भिंती रंगवल्या. देवाचे डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, तेही आंघोळ करून.

इकडे मी मार्केटमधल्या साडीवाल्यांसाठी पोस्टरं करू लागलो. सपाट रंग, मोजक्या रेषा, नक्षीला फाटा. लिंबायतच्या दहा बाय दहाच्या खोलीत बसून आपण काहीतरी नवं करतोय याची मला भारी मिजास होती. नव्वदनंतर काम वाढलं तसं आण्णांना बोलावून घेतलं आणि देवांचे चेहरे काढणाऱ्या माणसाला नुसते रंग भरायला बसवलं. तक्रार त्यांनी केली नाही.

रिंग रोडच्या एका शेठसाठी मोठं पोस्टर केलं. जांभळ्या साडीतली बाई, चेहऱ्याच्या जागी नुसता पिवळा गोल. सकाळी शेठना दाखवायला खोलीत घेऊन आलो, तर गोलात दोन डोळे. सुंदर होते, हे आज कबूल करतो. आण्णा हळूच म्हणाले, "बाईले आंधयी कशी ठेवानी, भाऊ?"

हे कोण, असं शेठनी विचारलं.

"कारीगर छे, शेठ. एनाथी भूल थई गई," मी म्हणालो.

कारागीर आहे, त्याच्याकडून चूक झाली, एवढं गुजराती आण्णांना कळत होतं. त्यांनी पिवळा रंग घेतला आणि ते डोळे स्वतःच्या हाताने बुजवले. दुपारच्या गाडीने गेले. मी उधना स्टेशनापर्यंत पोचवायलाही गेलो नाही, शेठबरोबर जेवायला गेलो.

त्याच पोस्टरने माझं नाव झालं. शरम वाटायला मात्र बरीच वर्षं लागली.

आण्णांच्या तेराव्याला आई आल्यागेल्याला सांगत होती, "भाऊनी शेठले सांगं, हाऊ मना बाप शे, याना कडथीनच मी शिकनू." हा माझा बाप, यांच्याकडूनच शिकलो, असं मी शेठना म्हणाल्याचं आण्णांनी घरी येऊन तिला सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि पंगतीत वाढायला लागलो.

आता घर म्हटलं की मला भीती वाटते. तिथे माझी अब्रू आण्णांनी खोटं बोलून राखलीय आणि आईचा सगळा अभिमान त्यावर उभा आहे. शोभे, तिला वाचता येत नाही, हे पत्र तू वाचून दाखव. मीच समोर बसून सांगायला हवं होतं. तीनदा त्यासाठी आलो आणि तिच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन परतलो.