पक्कडीने आवळलेला नट

खंडेनवमीला घरात विळी, कात्री, अडकित्ता पाटावर मांडले जातात आणि ती घटना माझ्यापुढे जशीच्या तशी उभी राहते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही साधी अपघाताची केस मात्र विसरता येत नाही. कारण हिच्यात मी एका निरपराध माणसाला तुरुंगात पाठवायला निघालो होतो, आणि तेही अगदी छाती पुढे काढून.

मराठवाडा मुंबई राज्यात आला त्यानंतरची ती पहिली वर्षे. मी पुण्याकडचा, वयाने तिशीच्या आतला, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका ठाण्यावर फौजदार म्हणून नवाच आलो होतो. ठाणे म्हणजे तीन खोल्या, एक कोठडी आणि दारात कडुनिंब. माझे जमादार निजामाच्या वेळेपासूनचे. ते पंचनामा आधी मनातल्या मनात उर्दूत करायचे आणि मग मराठीत उतरवायचे. मला ते जुनाट वाटायचे. माझे नवेपण त्यांना कसे वाटायचे, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही.

गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली एक लष्कराने मोडीत काढलेली जुनी जीप. एका तरुण शेतकऱ्याने ती घेतली होती आणि तो भाड्याने माणसे नेत असे. या सगळ्या गाड्यांचा वैद्य एकच, गावचा मिस्त्री. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, हैदराबादेत काम शिकून आलेला. रस्त्याकडेला पत्र्याची शेड हेच त्याचे दुकान.

त्या वर्षी खंडेनवमीच्या दुपारी चारच्या सुमारास एक माणूस सायकलवरून धापा टाकत ठाण्यात आला. "सायब, जीप पालथी झाली घाटात!" म्हणाला. आम्ही येरमाळ्याच्या घाटात पोहोचलो तेव्हा जीप रस्त्याखाली आडवी पडली होती. दसऱ्याच्या पहाटे तुळजापूरला देवीचे सीमोल्लंघन असते, ते पाहायला सात माणसे निघाली होती. त्यांतले एक म्हातारे कापडदुकानदार जागीच गेले होते. दोघांची हाडे मोडली होती. गाडी चालवणारा मालक कपाळावर नुसते खरचटून वाचला होता.

पंचनाम्यात सगळे लिहून घेतले. मागच्या डाव्या चाकाजवळचा छोटा नट सैल, भोवती ब्रेकचे तेल सांडलेले. ज्यांना मोटारीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेकच्या नळीत तेल भरलेले असते. त्यात हवा शिरली की पायडल नुसतेच खाली जाते. ती हवा सोडायला प्रत्येक चाकापाशी हा छोटा नट असतो. हवा निघाली की तो गच्च आवळायचा. सैल राहिला तर दर वेळी ब्रेक दाबताना थोडे तेल तिथून गळते आणि शेवटी पायाखाली काही उरत नाही. नट काढून मुद्देमालात घेतला. गाडीतल्या वस्तूंची यादी केली: सतरंजी, नारळ, ब्रेकच्या तेलाचा अर्धा डबा, एक जुनी पक्कड. खाली मी सही केली.

मालकाचा जबाब तिथेच घेतला. तो लगेच म्हणाला, "दोन दिसांमागं मिस्त्रीनं ब्रेक केलता, सायब. त्यानंच ढिला ठिवला असंल." उत्तर तयार होते, सरळ होते. मला आवडले.

त्याच संध्याकाळी मिस्त्रीला धरायला शेडवर गेलो. आत एका पाटावर त्याची सगळी हत्यारे मांडलेली होती. पाने, हातोड्या, जॅक, सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूची फुले आणि ज्वारीचे कणीस. जमादारांनी दारातच बूट काढले. मी तसाच आत गेलो आणि मिस्त्रीच्या दंडाला धरले. तो उठला, पाटाला हात लावून नमस्कार केला आणि आमच्याबरोबर चालू लागला.

ठाण्यात त्याला समोर उभा केला.

"जीपचा ब्रेक तू केलास?"

"व्हय."

"नट तूच आवळलास?"

"व्हय. आवळला व्हता."

"मग तो माणूस मेला कसा?"

तो म्हणाला, "माझ्यामुळंच मेलं म्हातारं, सायब."

मी रोजनाम्यात लिहिले की आरोपी चूक मान्य करतो. जमादार हळूच म्हणाले, "साहेब, कसं त्याच्यामुळं, ते इचारावं का?" मी म्हणालो, "आता काय विचारायचं राहिलंय?" पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही, एवढा कायदा मला येत होता. पण माझी खात्री झाली होती, आणि खात्री झालेल्या पोलिसाला पुढचा प्रश्न सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, म्हणून मॅजिस्ट्रेटच्या घरी उभा करून पोलीस कोठडी घेतली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे कलम, दोन वर्षांपर्यंत सजा. आणि समजा सुटला असता, तरी ज्याच्या हातून ब्रेक सैल राहिला आणि माणूस मेला, त्याच्या दारात पुन्हा गाडी कोण लावणार? दसऱ्यालाच त्याची बायको भाकरी घेऊन आली. त्याने हात लावला नाही, ती तशीच परत घेऊन गेली. जाताना मला एवढेच म्हणाली, "ते कोणाचं वाईट करीत न्हाईत हो. जेवा म्हणावं त्यांना तुमी तरी." मी फायलीत डोके घातले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेतले एक मास्तर ठाण्यात आले. गावात ते गमतीचा विषय होते. त्यांच्याकडे जुनाट मोटारसायकल होती. दर रविवारी अंगणात पोते पसरून ते ती सुटी करायचे, संध्याकाळपर्यंत जोडायचे, आणि दर वेळी एखाद-दुसरा नट उरायचाच. लोक म्हणायचे, मास्तर असेच नट काढत राहिले तर वर्षभरात सायकल उरेल. मीही त्या हसण्यात सामील असे.

"फौजदारसाहेब, बातमी म्हणा नाहीतर आगाऊपणा म्हणा," मास्तर म्हणाले. "पण मिस्त्रीला तुम्ही उगीच धरलंय असं मला वाटतं."

नवमीच्या सकाळी प्लगचा पाना मागायला ते शेडवर गेले होते. मिस्त्रीने नाही म्हणून सांगितले. पूजेत मांडलेले हत्यार दसऱ्याचे सोने लुटल्याशिवाय उचलायचे नाही, हा या भागातला रिवाज. सुताराचे वाकस असो, न्हाव्याचा वस्तरा असो, नवमीला सगळे विश्रांतीला. तेव्हा तिथे जीप उभी होती आणि मालक हुज्जत घालत होता. ब्रेक बसत नव्हता. मिस्त्री त्याला सांगत होता, "एक फेरी मारून परत आणा, राहिलेली हवा काढतो म्हणून सांगितलं व्हतं का न्हाय? काल आला न्हाय तुमी. आता गाडी हितंच राहू द्या. उद्या सोनं लुटलं की पयला हात तुमच्या गाडीला." मालक रागाने गाडी घेऊन निघून गेला.

"म्हणजे सकाळी ब्रेक बिघडला होता, हे मालकाला माहीत होतं," मास्तर म्हणाले. "आता तो नट मला दाखवता का?"

मुद्देमालाची पुडी सोडली. मास्तरांनी नट चष्म्याजवळ धरला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे कोपरे बघा. पान्यानं नट फिरवला की कोपरे शाबूत राहतात. इथं खरवडलेत, दात उमटलेत. ही पक्कड आहे, साहेब. मी स्वतः किती नटांचं असं वाटोळं केलंय, म्हणून ओळखतो! याच पापासाठी मिस्त्रीनं मला एकदा दुकानातून हाकलून दिलं होतं. नटाला पक्कड लावणारा माणूस त्याच्या शेडमध्ये उभा राहू शकत नाही."

मी पंचनामा पुन्हा काढला. माझ्याच हाताखाली लिहिलेला, माझीच सही. एक जुनी पक्कड. पाना एकही नाही. भाड्याने धावणाऱ्या गाडीत एकही पाना नसावा, हे मला घाटात खटकायला हवे होते. जमादार शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

मालकाला बोलावले. दरडावले नाही. बाकावर बसवून चहा दिला.

"तुमच्या जीपचे पाने कुठं असतात?"

"शिटाखाली."

"अपघातात तर सापडले नाहीत."

"नवमी व्हती की, सायब. आईनं पूजंत मांडले."

"मग मधे कुणी उचलले असतील."

तो दुखावलाच. "आमच्यात तसलं चालत न्हाय. देवीची आन. पूजंतल्या पान्याला कुणी बोट लावलं न्हाय."

मी टेबलावर नट ठेवला आणि त्याच्याशेजारी पक्कड. "मग हा नट पक्कडीनं का उघडलात?"

चहाचा कप त्याने खाली ठेवला, आणि मग एवढा धडधाकट माणूस ओंजळीत तोंड घालून रडू लागला. "माणसं गाडीत बसून राह्यली व्हती, सायब. म्हातारं तर सकाळपास्नंच सारखं इचारीत व्हतं, कवा निघायचं म्हणून. पूजंतला पाना उचलला असता तर आईनं मला घरात घेतलं नसतं. पक्कड शेतातली, तारंच्या कुंपणाची. ती पूजंत नव्हती. हवा काढली म्या, आवळलं बी. पर पक्कड निसटत व्हती."

पुढे दोन दिवस तो स्वतःशीच एकच वाक्य बोलत होता, की पूजा मोडली नाही मी. मला त्याचा राग आला नाही. त्याने मिस्त्रीवर ढकलले ते घाबरून. पण त्या घाबरण्याला दुजोरा देणारा फौजदार मीच होतो.

कोर्टाकडे अहवाल पाठवून मिस्त्रीला सोडवून घेतले. कोठडीचे कुलूप मी स्वतः काढले आणि त्याला खुर्चीवर बसवले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला अहोजाहो केले.

"मिस्त्री, नवमीला गाडी तुमच्या दारात आली होती, हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत?"

"तुमी इचारलं न्हाय. आन् इचारलं त्याचं म्या खरंच सांगितलं की. गाडी दारात व्हती. पाने हाताच्या अंतरावर. धा मिनिटांचं काम. म्या देवीकडं बगितलं, गाडीकडं बगितलं न्हाय. मग म्हातारं मेलं कोणामुळं?" मग तो म्हणाला, "आता दर नवमीला ब्रेकचा पाना तेवढा पूजंच्या भाईर ठिवीन. देवी काय न्हाय म्हणायची न्हाय."

मी त्याची माफी मागितली. पोलीस खात्यात ते कुणी शिकवत नाही, त्यामुळे नीट जमले नाही. तो गडबडून म्हणाला, "आसूं द्या सायब. तुमी नवीन हाव." एवढ्या मोठ्या चुकीला एवढे छोटे नाव मला कुणी पुन्हा दिले नाही.

मालकाला सजा झाली, थोडीच. कोर्टात मिस्त्रीने साक्ष दिली तेव्हा त्याच्याबद्दल एकही वाकडा शब्द काढला नाही.

या केसने मला काय शिकवले, ते मी नंतर हाताखालच्या पोरांना वर्षानुवर्षे सांगत आलो. गुन्हेगाराजवळ उत्तर तयार असते. भला माणूस आधी स्वतःला तपासतो, आणि आपल्याला त्याचा तो प्रामाणिकपणाच कबुली वाटतो. म्हणून आवडलेल्या उत्तरानंतर आणखी एक प्रश्न विचारायचा. आणि जिथे नोकरी करता तिथला सण कसा पाळतात, हे जमादाराला विचारून घ्यायचे. नंतरच्या नोकरीत माझ्या हातून जे थोडे बरे काम झाले, ते या एका प्रश्नामुळे. तो मला जमादारांनी दिला होता, मी घेतला नव्हता. मास्तरांनी हसे सोसून ठाण्याची पायरी चढली नसती, तर मी आयुष्यभर स्वतःला हुशार समजत राहिलो असतो. मिस्त्री, जमादार आणि मास्तर, या तिघांचे माझ्यावर उपकार आहेत.

दोन वर्षांनी बदली झाली. सामानाचा ट्रक दारात उभा होता. बायको आणि दोन लहान मुले त्याच ट्रकमध्ये बसायची होती. सकाळी बाहेर आलो तर ट्रकखालून दोन पाय दिसत होते. कुणी बोलावले नव्हते. तासाभराने मिस्त्री बाहेर आला, हात पुसले, चारी चाकांवर एकेक थाप मारली.

"वैनी, लेकरांना घेऊन पुढं बसा," तो माझ्या बायकोला म्हणाला. "घाट उतरायचाय ना, म्हणून बगून घेतलं."

मी नुसता हात जोडून उभा राहिलो. तो म्हणाला, "निघा सायब, ऊन व्हायच्या आत." घाटाच्या उतारावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला, गाडी अलगद मंदावली, आणि माझी मुले आईच्या मांडीवर झोपलेली होती ती तशीच झोपून राहिली.