थोरलीचं अंग

आमच्याकडे उभ्या गौरी असतात. लोखंडी स्टँडला जुन्या चादरी, टॉवेल गुंडाळून आधी धड करायचं, मग साडी नेसवायची आणि सगळ्यात शेवटी पितळी मुखवटा चढवायचा. थोरली गौर थोरल्या सुनेनं नेसवायची, धाकटी गौर धाकट्या सुनेनं, ही सासरची रीत. साताऱ्याकडचं गाव सुटलं, गौरी नेरूळच्या टू बीएचकेत आल्या, पण रीत सुटली नाही. थोरली सून मी. माझ्या हातची गौर बघून बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, "अगदी तुमच्यावर गेलीय हो!" मी तोंडदेखलं "काहीतरीच काय" म्हणायचे आणि मनातल्या मनात फुगून बसायचे.

मग गेल्या वर्षी माझा डावा स्तन काढावा लागला.

घरी आले आणि थोड्याच दिवसांत गणपती आले. आणताना लिफ्टच्या दाराला लागून मूर्तीच्या हाताची बोटं तुटली. सासूबाईंनी मूर्ती उंबऱ्याबाहेरच थांबवली. "खंडित मूर्ती पूजेला चालत नाय," म्हणाल्या आणि धाकट्या दिरांना दुसरी आणायला पिटाळलं. त्या माझ्याकडे बघून बोलल्या नव्हत्या. पण मी तिथंच सोफ्यावर, छातीला पट्टी बांधून बसले होते. गौरींच्या दिवशी त्या म्हणाल्या, "तू बस गं यंदा. धाकटी नेसवंल दोनी." ती काळजी होती की निवाडा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

माझी जाऊ वाईट बाई नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, धड भांडता तरी आलं असतं. "ताई, तुमी टेन्शन नका घेऊ, मी करते," म्हणत ती कामाला लागली. दोन टॉवेल घट्ट वळून तिने थोरल्या गौरीच्या छातीला दोन्ही बाजूंनी बांधले, मागे सरकून डोळे बारीक करून पाहिलं, एक जरा वर घेतला, आणि माझी पैठणी तिला चापून नेसवली. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायका जावेला म्हणाल्या, "दोघी तुमच्यावर गेल्यात." ती लाजली. तिच्या ब्लाउजला कुठे सुरकुती नव्हती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जावेचा हेवा एकवेळ कोणी समजून घेईल. मला त्या टॉवेलांचाही हेवा वाटत होता.

महाप्याच्या ऑफिसातली माझी मैत्रीण दर रविवारी न चुकता चर्चला जाते. माझी समजूत काढताना ती म्हणाली, "देवाने माणसाला स्वतःच्या प्रतिमेसारखं घडवलंय, असं आमच्यात मानतात." मी विचारलं, "कुठल्या माणसाला? ऑपरेशनच्या आधीच्या की नंतरच्या?" तिने केळ्याचे वेफर्स पुढे केले. आमच्याकडचे बुवा सांगतात, देह म्हणजे देवाचं देऊळ. देवळाचा कोपरा ढासळला तर जीर्णोद्धाराला गाव जमतो. माझ्यासाठी ब्रामध्ये घालायला सिलिकॉनचा गोळा आला, तो दुपारपर्यंत घामाने चिकटायचा.

यंदा श्रावणातच जावेचा फोन आला. "ताई, वाशीला गौरीची फायबरची रेडीमेड बॉडी मिळते, एकदम शेपमध्ये. टॉवेलची झंझटच नको. दोन आणते."

"तुझ्या धाकटीला काय आणायचं ते आण," मी म्हटलं. "थोरली मी नेसवणार." आवाज चांगलाच चढला असणार, कारण समोर भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. मी वाट बघत राहिले. नाही म्हणाल्या असत्या तर मी या घरात पुन्हा गौरीपुढे उभी राहिले नसते. त्यांनी मान खाली घातली आणि मेथीची पुढची काडी उचलली.

गौरी आणायच्या दिवशी मी बेडरूमचं दार लावून घेतलं. कंबर केली, पोट केलं. टॉवेल वळून उजव्या बाजूला बांधला. दुसरा हातात घेतला आणि पुन्हा कपाटात टाकला. हे मी भक्तीने केलं असं कोणी समजू नये. मला गौरीचीच जिरवायची होती. इतकी वर्षं भरल्या अंगाने माझ्या साड्यांत मिरवली, एकदा तिलाही कळू दे म्हटलं. पदर डाव्या खांद्यावरूनच जातो, त्यामुळे झाकायला सोपं. ते मला चांगलंच सरावाचं झालंय.

मुखवटा चढवला आणि तिचं काहीच बिघडलं नाही. तोच चेहरा, तेच हसू. दुसऱ्या दिवशी बायका आल्या, ओट्या भरल्या, तिच्यासोबत फोटो काढले. शेजारी फायबरच्या अंगाची धाकटी अगदी आखीव उभी होती, तरी सगळ्या आधी थोरलीच्याच पायाशी वाकल्या. मला लोकांसमोर पदर नीट करताना घाम फुटतो, आणि ही खुशाल उभी. माझी आणखीच जळली.

बायका गेल्यावर सासूबाई थोरलीचं फुलांच्या वजनाने सरकलेलं गळ्यातलं सारखं करायला उठल्या. मी पुढे होणार तोवर त्यांनी पदर हलवलाही. त्यांचा हात डाव्या बाजूवर आला आणि थांबला. ब्लाउजचं कापड आत गेलं होतं. आता मुखवटा उतरवायला सांगतील, जावेला हाक मारतील, असं वाटलं. जाऊ आत भांडी लावत होती.

सासूबाईंनी हात काढला नाही. त्या जागेवर सपाट तळवा ठेवून, बाळाला थोपटतात तसं त्यांनी दोनदा थोपटलं. "दमलीस गं बाई," गौरीला म्हणाल्या. मग तिच्या पायाशी डोकं टेकवून त्या उठल्या आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

मी तिथंच उभी राहिले. त्या लोखंडाच्या, चादरींच्या बाईचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता. माझ्या त्या जागेवर घरातल्या कोणीही अजून हात ठेवला नव्हता.